श्वास घेणारं वर्तुळ

धाकटी घरीच असते, असं सगळ्या नातेवाइकांचं ठाम मत होतं. ती कुठल्याशा कंपनीत डिझाईन-प्रमुख आहे, हे त्यांच्या कानावर आलेलं होतं. पण ज्या नोकरीसाठी पायात चप्पल घालावी लागत नाही, ती नोकरी, हे मानायला कुणाचं मन धजत नव्हतं. त्यामुळे कुणाकडे नळ दुरुस्त करणारा यायचा असला, कुणाचं पार्सल घ्यायचं असलं, कुणाचं पोर शाळेतून आणायचं असलं, की एकच ठराव एकमताने पास व्हायचा : धाकटीला सांगा, ती घरीच असते.

तिच्या कंपनीला कचेरी नव्हती. परवडत नव्हती अशातला भाग नाही; ते तत्त्व होतं. ज्याने त्याने आपापल्या घरून काम करायचं. कोण कुठे राहतं हे विचारणं तिथे मागासलेपणाचं समजत. सगळे एकमेकांना अरे-तुरे करत, अगदी संस्थापकालासुद्धा, आणि त्याला सपाट रचना म्हणत. पगार तेवढे डोंगराळ होते. मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या चेहऱ्यामागचं घर धूसर करून टाकायची पद्धत होती. धाकटीच्या मागे इस्त्रीच्या कपड्यांचा ढिगारा असे. धूसर झाल्यावर तो सूर्यास्तासारखा दिसे, आणि एका सहकाऱ्याने त्याची मनापासून स्तुतीही केली होती.

कंपनीचं ॲप होतं ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसणाऱ्या माणसांसाठी. आत आपलं माणूस, बाहेर आपण, आणि मध्ये एक दार. त्या दारापलीकडे काय चाललंय ते फोनवर कळावं, अशी मूळ कल्पना. कल्पना चांगलीच होती. तिच्या मधोमध होतं एक निळं वर्तुळ, आणि ते वर्तुळ धाकटीचं होतं.

वर्तुळ हळूहळू फुगायचं, हळूहळू ओसरायचं. आधीच्या नोकरीत ती ध्यानधारणेचं ॲप करायची, तिथून ही कल्पना तिने सोबत आणली होती. माहेरून एखादं भांडं आणावं तशी. ऑपरेशन सुरू झालं की वर्तुळ अर्धं भरायचं, संपलं की पूर्ण. मधल्या वेळात आतल्या कुणालाही बटणं दाबायला सवड नसते, म्हणून मधल्या वेळात वर्तुळाने नुसतं संथ फुगायचं आणि ओसरायचं. तिच्या टीममधल्या एका मुलाने, ज्याला सगळे बटणवाला म्हणत, त्या फुगण्या-ओसरण्याचा वेग ठरवण्यात कित्येक आठवडे घालवले होते. मग डझनभर लोकांवर त्याची चाचणी झाली. अर्थातच व्हिडिओवरून. "तुमच्या जवळच्या माणसाचं ऑपरेशन चालू आहे, अशी कल्पना करा," असं त्यांना सांगितलं. त्यांनी आपापल्या सोफ्यावर बसून, हातात कॉफीचा कप धरून तशी कल्पना केली आणि फार शांत वाटतंय असा अभिप्राय दिला. एकाला तर डुलकी लागली. अहवालात त्याचं नाव ठळक अक्षरांत घातलं गेलं.

मग एका हॉस्पिटलने ॲप तात्पुरतं वापरून बघायचं कबूल केलं, आणि महिन्याभरात दोन बातम्या आल्या.

पहिली संस्थापकाने आणली. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं मात्र सतत उद्घाटनाला उभं असल्यासारखं. "लोक ॲप सारखं सारखं उघडतायत!" त्याने आलेख दाखवला. आलेख शिडीसारखा वर गेला होता. "एकेक माणूस हातातून फोन ठेवत नाहीये. लोकांना आपल्याशिवाय करमत नाहीये!"

दुसरी बातमी हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी दोन ओळींत पाठवली. "तुमचं ॲप आल्यापासून आमच्या काउंटरवरची गर्दी कमी व्हायच्या ऐवजी वाढली आहे. पंधरा दिवसांत उतरली नाही, तर तुमचं ॲप उतरवू."

या दोन बातम्या एकाच घरातल्या आहेत, हे कुणाच्याच ध्यानात येत नव्हतं. संस्थापकाने धाकटीला बाजूला घेतलं, म्हणजे निराळ्या खिडकीत बोलावलं. हे हॉस्पिटल गेलं तर दुसरं कुठलंच दारात उभं करणार नाही, आणि मग डिझाईनच्या टीमला "नव्या प्रवासासाठी मोकळं करावं लागेल", असं त्याने अतिशय मायेने सांगितलं. टीम म्हणजे धाकटी धरून चौघं. बटणवाल्याच्या घरी नुकतंच बाळ आलं होतं. मीटिंगमध्ये अधूनमधून त्याच्या मागचा धूसर ढग रडायचा.

त्यातच मावशींचा फोन आला.

मावशी म्हणजे धाकटीच्या नवऱ्याच्या मावशी. प्रत्येक खानदानात दवाखान्यात बसायला एक माणूस नेमलेलं असतं. या खानदानात त्या होत्या. कुणाला दाखल केलं, की त्या शाल, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा आणि फोनचा चार्जर असलेली पिशवी उचलून हजर. पेशंटपेक्षा त्यांनाच वॉर्डात जास्त लोक ओळखत.

"उद्या थोरल्याचं ऑपरेशन आहे ना," मावशी म्हणाल्या. थोरला म्हणजे धाकटीचा मोठा दीर. त्याच्या पित्ताशयात खडे झाले होते. "तुझा नवरा बसलाय परगावी. थोरलीच्या सोबतीला दोघी तरी हव्यात. तू ये. तुझं काय, तू घरीच असतेस."

"मावशी, उद्या माझी मीटिंग—"

"मग तिथे बसून कर. घरी काय नि तिथे काय, फोनातच बघायचं ना?"

धाकटीने हॉस्पिटलचं नाव विचारलं. मावशींनी सांगितलं. धाकटी खुर्चीतच थिजली. हे नाव ती गेला महिनाभर रोज वाचत होती; प्रत्येक अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात ते होतं. हॉस्पिटल तिच्या घरापासून दोन बसथांब्यांवर होतं. भाजी आणायला ती त्याच्या फाटकावरून जायची. आणि तिथल्या लोकांना काय खुपतंय हे शोधण्यासाठी तिने कुठल्या कुठल्या गावच्या माणसांशी व्हिडिओवरून तासन्‌तास गप्पा मारल्या होत्या. तिथे चालत जाता येतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो असा, आणि वळसा सगळ्या जगाला.

थिएटरबाहेरच्या खोलीत खुर्च्या एकमेकींना लोखंडी पट्टीने जोडलेल्या होत्या. एकाने पाय हलवला की सगळी रांग थरथरायची. भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद होता आणि त्यावर कुणीतरी अत्यंत आनंदाने फरशी पुसत होतं. समोर ते दार. त्याला एक गोल काच, आणि काचेला आतून कागद चिकटवलेला.

थोरली मधल्या खुर्चीत ताठ बसली होती. एरवी ही बाई घराची सरसेनापती. हिच्या नुसत्या खाकरण्याने पाहुणे चहाचा कप विसळून ठेवत. आज तिच्या दोन्ही हातांत फोन होता, आणि फोनवर निळं वर्तुळ.

"काउंटरवरच्या पोरीने घालून दिलं हे," थोरली मान वर न करता म्हणाली. "ह्यांना आत नेलं, तसं हे सुरू झालं."

"बरं आहे ना, वहिनी?" धाकटीने चाचपडत विचारलं. आपलं काम लोक वापरताना शेजारी बसून बघायची तिची ही पहिलीच वेळ.

"बरं कसलं? मघापासून अर्ध्यावरच अडकलंय."

"अडकलं नाहीये. ते तसंच असतं."

"तुला गं काय ठाऊक?"

"मला आपलं... वाटतं."

"गप्प बस. वाटतं म्हणे." थोरलीने फोन आणखी जवळ धरला. "पण श्वास बरा चाललाय. मघाशी जरा जोरात होता, आता लागलाय शांत."

"कुणाचा श्वास?"

"कुणाचा म्हणजे? ह्यांचा. हे बघ की." आणि तिने फुगणाऱ्या, ओसरणाऱ्या वर्तुळावर बोट ठेवलं.

धाकटीने आजूबाजूला पाहिलं. समोरच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ फोन डोळ्यांशी धरून वर्तुळाच्या तालावर स्वतःच श्वास घेत होते. कोपऱ्यात एक तरुण मुलगी ओठ हलवत मोजत होती. सगळी खोली निळ्या वर्तुळांना टक लावून बसली होती. कुणी खोकलंसुद्धा नाही.

"वहिनी, अहो, तो भाऊजींचा श्वास नाही—"

वाक्य पुरं व्हायच्या आत खोलीतलं नेट गेलं. अगदी थोडा वेळ. धाकटीच्या घरी हे रोज होई; मीटिंगमध्ये माणसं तोंड उघडं ठेवून गोठत आणि परत वितळत. इथे वर्तुळ गोठलं. अर्ध्यावर फुगलेलं, तिथेच.

"थांबलं!" थोरली उठली. "अगं थांबलं! ह्यांचा श्वास थांबला!"

खुर्च्यांची अख्खी रांग हादरली. म्हातारे गृहस्थ उठले, तरुण मुलगी उठली, जो तो काउंटरकडे धावला. सरसेनापती थोरली मात्र काउंटरला वळसा घालून थेट दारावर गेली आणि दोन्ही मुठींनी ते बडवू लागली. मावशी तिच्या मागे, पिशवीसकट.

दार उघडून एक उंच बाई बाहेर आल्या. ह्याच मेट्रन, हे धाकटीला कुणी सांगावं लागलं नाही. त्यांच्या दोन ओळी त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेल्या होत्या.

"आता कुणाचा श्वास थांबला?"

चारपाच जणांनी हात वर केला.

"आत सगळे श्वास घेताहेत. मी आत्ता स्वतः बघून आलेय. रोजचं झालंय हे! रोज माझ्या दारात चार माणसं मरतात आणि थोड्या वेळाने जेवायला बसतात." मग त्यांनी थोरलीचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "तुमचे पित्ताशयवाले ना? खडे जास्त आहेत, म्हणून वेळ लागतोय. काळजीचं काही नाही. अर्ध्या तासाने मी परत येते आणि काय असेल ते सांगते. नवीन काही नसलं तरी येते. तोवर खाली जाऊन चहा घ्या."

आणि थोरलीने तो फोन, जो सकाळपासून हातातून सुटला नव्हता, पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. "चला मावशी, चहा घेऊ," ती म्हणाली.

धाकटी तिथेच उभी राहिली. तिला एकाच वेळी दोन गोष्टी दिसत होत्या. पहिली : संस्थापकाचा तो शिडीसारखा आलेख म्हणजे ह्या खोलीतली भीती होती. लोक ॲप प्रेमाने उघडत नव्हते. उशाशी बसून आपल्या माणसाची छाती हलते की नाही ते बघत होते. नेट गेलं की वर्तुळ थांबतं, हे तिला माहीत होतं, बटणवाल्याला माहीत होतं. तशी रीतसर नोंदही होती, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, "किरकोळ".

दुसरी गोष्ट मात्र वेगळी होती. मेट्रननी थोरलीला नवीन काय सांगितलं? फारसं काहीच नाही. चालू आहे, वेळ लागतोय. हे तर वर्तुळही सांगत होतं. पण मेट्रननी पुढची खबर कधी मिळेल ते सांगितलं होतं. मधला वेळ त्यांनी थोरलीच्या हातातून काढून स्वतःकडे घेतला होता.

चहाच्या टेबलावर तिला राहवेना. "वहिनी, ते वर्तुळ मी केलंय."

"म्हणजे?"

"माझी कंपनी. ते ॲप आमचं. आणि ते फुगणं-ओसरणं माझ्या डोक्यातून निघालं."

थोरलीने कप बशीत ठेवला. धाकटी तोफेच्या तोंडी उभं राहिल्यासारखी बसून राहिली.

"मग," थोरली सावकाश म्हणाली, "एवढी शिकलेली तू, त्याखाली एक ओळ लिहायची नाहीस, की बायांनो, हा तुमच्या नवऱ्याचा श्वास नव्हे?"

"चुकलंच."

"माझा जीव गेला होता."

"मला कळलं, वहिनी."

मावशी इतका वेळ एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "म्हणजे तू खरंच नोकरी करतेस?"

मीटिंगची वेळ झाली तेव्हा धाकटी परत त्या खोलीत होती. तिने फोन समोर धरला. मागचं धूसर करायची खूण नेहमीच्या जागी होती. तिने ती काढून टाकली. पडद्यावर तिच्या मागे जोडलेल्या खुर्च्या, कागद चिकटवलेली काच आणि निळी वर्तुळं हातात धरलेली माणसं दिसू लागली.

"ही कुठली पार्श्वभूमी आहे?" संस्थापकाने विचारलं. "फारच खरी वाटते."

"खरीच आहे. आपल्या हॉस्पिटलात बसलेय. जरा बघा सगळ्यांनी. कुणी काही बोलू नका."

तिने फोन सावकाश खोलीभर फिरवला. मोजणारी मुलगी. तालावर श्वास घेणारे म्हातारे गृहस्थ. मग तिने काय घडलं ते सांगितलं, आणि तो आलेख कशाचा आहे तेही सांगितलं. बटणवाल्याचा धूसर ढग रडायला लागला आणि आज त्याने माइक बंद करायची घाई केली नाही.

तेवढ्यात मावशींनी फोनात डोकं घातलं. "हा तुमचा मालक का गं?"

"मावशी, आमच्यात मालक नसतो—"

"लहान आहे पोरगं. का रे, एवढा वाळलास का? घरी जेवण करायला कुणी आहे की नाही?"

"आहे... म्हणजे मीच करतो," संस्थापक म्हणाला. का कोण जाणे, त्यानेही आपल्या मागचं धूसर काढून टाकलं. त्याच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेली एक गादी होती आणि दोरीवर धुणं वाळत होतं. सगळी कंपनी त्याच्या मोज्यांकडे बघत राहिली. सपाट रचना म्हणतात ती पहिल्यांदाच नजरेस पडली.

मेट्रन कबूल केल्याप्रमाणे परत आल्या. नवीन काही नव्हतं. तसं सांगून गेल्या. त्यानंतर थोड्या वेळाने थोरल्याला बाहेर आणलं, झोपेत, तोंड किंचित उघडं. थोरलीने आधी त्याच्या छातीकडे पाहिलं आणि मग धाकटीकडे. "हे खरं," ती म्हणाली.

धाकटीने मेट्रनना गाठलं. हे वर्तुळ कुणी काढलं तेही सांगून टाकलं. मेट्रननी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही सगळी माणसं संगणकातच राहत असाल असं मला वाटायचं. काय हवंय?"

"तुम्ही वहिनींसाठी जे केलंत ते. तुमच्या सिस्टर आतबाहेर करतातच. दाराशी एक बटण लावू, घंटीच्या बटणासारखं. जाता-येता दाबायचं. की बाहेरच्यांना जाईल : सिस्टर आत्ता पाहून आल्या, काम चालू आहे, पुढची खबर अमुक वाजता."

"आणि बटण दाबायला विसरल्या तर?"

"तर फोन त्यांनाच आठवण करून देईल. बाहेरच्यांना नाही."

मेट्रननी विचार केला. "बटण एकच. दुसरं दिसलं तर मी स्क्रूड्रायव्हर घेऊन येईन."

कंपनीत निर्णय घ्यायची एक रीत होती. प्रस्ताव लिहून सगळ्यांपुढे ठेवायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी लेखी हरकत घेतली नाही, तर तो मंजूर. आजवर संस्थापकाने हरकत घेतली नाही असा प्रस्ताव झाला नव्हता; रजेच्या अर्जावरही तो दोन परिच्छेद लिहायचा. धाकटीने लिहिलं : वर्तुळ काढावं. त्या जागी एक वाक्य आणि एक वेळ असावी. खाली ओळ असावी, "तोवर फोन ठेवून द्या." शेवटी तिने प्रामाणिकपणे जोडलं : यामुळे लोक ॲप फार कमी उघडतील. तो शिडीसारखा आलेख कोसळेल. कोसळायलाच हवा.

दिवसभर पडद्यावर "संस्थापक लिहीत आहे" असं उमटत होतं आणि विझत होतं. टीममधली सगळी वाक्यं लिहिणारी मुलगी, तिला शब्दवाली म्हणत, खिडकीआडून विचारायची, "अजून लिहितोय?" "अजून लिहितोय." दुसऱ्या दिवशी मुदत संपली. हरकत आलेली नव्हती. त्याऐवजी त्याने धाकटीला एकटीला एक ओळ पाठवली होती : "माझ्या बाबांच्या वेळी मी असाच बाहेर बसलो होतो. विसरून गेलो होतो. काढ वर्तुळ."

बटणवाल्याने वर्तुळ काढलं. कित्येक आठवड्यांचं काम एका दुपारी गेलं. "वाईट वाटतंय?" धाकटीने विचारलं. "वाटतंय की," तो म्हणाला. "पण बाळाला झोपवताना लावतो मी ते. त्याला चालतंय."

मेट्रननी दिलेले पंधरा दिवस संपले, त्या सकाळी धाकटी चालत हॉस्पिटलात गेली. मावशी आधीच तिथे होत्या. शेजारणीच्या गुडघ्यासाठी आल्या होत्या. टीव्हीवर अजूनही कुणीतरी आनंदाने फरशी पुसत होतं. पण लोक एकमेकांशी बोलत होते. तक्रारी करत होते, बिस्किटं वाटत होते, डॉक्टरांना नावं ठेवत होते. जितंजागतं वाटत होतं. एक धिप्पाड गृहस्थ खुर्चीत कलंडून घोरत होते आणि त्यांच्यासोबत सगळी रांग मंदपणे थरथरत होती.

"ह्यांच्या बायकोचं चालू आहे आत," मावशी कुजबुजल्या. "रात्रभर टक्क जागे होते म्हणे. मघाशी खबर आली, पुढची वेळ आली, आणि हे आडवे."

दाराशी घंटीचं बटण वाजलं. गृहस्थांच्या खिशात फोन किणकिणला. त्यांनी एक डोळा उघडून वाचलं, "चालू आहे, पुढची खबर साडेअकराला," असं सगळ्यांसाठी मोठ्याने जाहीर केलं, आणि डोळा मिटला.

काउंटर मोकळं होतं. तिथली मुलगी नखं कुरतडत बसली होती. मेट्रन शेजारून गेल्या, थांबल्या, काउंटरकडे पाहिलं. "या पोरीला आता काहीतरी काम शोधून द्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "ॲप राहू द्या."

धाकटीला ओरडावंसं वाटलं, पण खोलीत माणूस झोपला होता. तिने फोन काढून टीमला एवढंच लिहिलं, "राहिलं." क्षणात बटणवाला, शब्दवाली, टीममधला चौथा, सगळे एकदम काहीबाही पाठवू लागले. पाठोपाठ संस्थापकाचा आलेख आला. शिडी नव्हती, घसरगुंडी होती. खाली त्याने विचारलं होतं, "पैसे लावणाऱ्यांना हे कसं दाखवू?"

"इथे आणून बसव त्यांना," तिने लिहिलं. "खुर्च्या आहेत."

मग फोन पर्समध्ये टाकून तिने चेन ओढली. मावशींनी बिस्किटांचा पुडा पुढे केला.

"आज काम नाही वाटतं तुला?"

"कामच करतेय, मावशी."

मावशींनी घोरणाऱ्या गृहस्थांकडे पाहिलं, मग धाकटीच्या रिकाम्या हातांकडे. त्यांना पटलं नव्हतं, पण त्यांनी वाद घातला नाही. तिच्या पायांत चप्पल होती, तेवढं त्यांना पुरेसं असावं.